हेल्मीचे अठरा गुण

आमच्या मोंतेरिव्हो विद्यापीठाने एका सत्रासाठी परदेशातून येणाऱ्या मुलांकरता माहितीपुस्तिका काढली आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. सायकल कुठे भाड्याने मिळते, कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा, खानावळीत कोणतं कार्ड दाखवायचं, ताप आला तर कुठे जायचं, सगळं आहे. किल्ल्यावरून दिसणारा सूर्यास्त तर दोन अख्खी पानं व्यापून बसला आहे. फक्त परीक्षा कशी असते तेवढं नाही. मुलं इथे सूर्यास्त बघायला येतात असा आमच्या लोकांचा समज असावा.

परीक्षेचं पान होतं. मीच लिहिलं होतं, म्हणून तर अजून माझं डोकं फिरतं.

मी फ्लाव्हिया, इतिहासाची विद्यार्थिनी. दुपारी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत काम करायची. तिथले प्रमुख डॉक्टर पासालाक्वा. आमच्याकडे पदवी घेतलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात. या डॉक्टरांना बोट कापलेलं दिसलं तरी घाम फुटतो. त्यांनीच मला सांगितलं, "मुलांना उपयोगी पडेल असं एखादं पान लिही." मी लिहिलं. परीक्षा तोंडी असते. नऊची वेळ दिलेली असली तरी नंबर दुपारी चारला लागू शकतो, तेव्हा खायला काहीतरी बरोबर आणा. दार उघडं असतं, मागे कुणीही येऊन बसू शकतं, बिचकू नका. प्रश्न आल्यावर गप्प राहू नका. विचार करायचा तर तोंडाने करा, कारण इथे गप्प राहिलं की येत नाही असंच धरतात. आणि शेवटी जाड अक्षरांत: प्रोफेसर तीसपैकी गुण सुचवतील. पटले नाहीत तर नाकारा आणि पुढच्या खेपेला परत या. एकदा हो म्हणालात की ती परीक्षा पुन्हा देता येत नाही.

पासालाक्वांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, हे वाचून कोण येईल आपल्याकडे?"

"आलेलीच मुलं वाचणार ना हे?"

"आणि हे चार वाजता वगैरे! प्रोफेसर मंडळी काय म्हणतील? आपली अब्रू आपणच वेशीवर टांगायची का?"

"मग निदान गुण नाकारायचं तरी राहू द्या. तो नियम आहे."

"नियम संकेतस्थळावर आहेत."

"आपल्या भाषेत. वकिलालाही झोप लागेल अशा."

"मग शिकतील की आपली भाषा. त्यासाठीच तर येतात!" स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले, आणि माझ्या पानाच्या जागी सूर्यास्ताचं दुसरं पान आलं.

मध्ययुगीन भित्तिचित्रांची परीक्षा जानेवारीत होती. घेणारे प्रोफेसर तारक्विनी. माझाही तो विषय होता. नऊ म्हणजे नऊ नव्हे हे मला पाठ असल्यामुळे मी निवांत साडेतीनला उगवले, तर खोलीत तारक्विनींसमोर एक अनोळखी मुलगी बसलेली. फिकट केस, पाठ ताठ, हात मांडीवर. हेल्मी. कचेरीतल्या कागदांवर तिचं नाव मी वाचलं होतं, भेट कधी झाली नव्हती. फिनलंडची, तुर्कूजवळच्या गावातली. ती सकाळी नऊपासून व्हरांड्यात उपाशी बसून होती हे मला नंतर कळलं. माझा नंबर तिच्यानंतरचा, म्हणून मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"जुन्या भिंतींवरचा निळा रंग बाकीच्या रंगांच्या आधी का पडतो?" तारक्विनींनी विचारलं.

हेल्मीने टेबलाकडे पाहिलं. ती विचार करत होती, मला मागूनही दिसत होतं. तिने श्वास घेतला, तोंड उघडणार...

"नाही येत? बरं, सोडा. दुसरा विचारतो."

दुसऱ्याचं तेच झालं, तिसऱ्याचंही तेच. हा माणूस वाईट नाही हो. त्याला वाटत होतं आपण पोरीची अडचण वाढवत नाही आहोत. आमच्या घरी, बाजारात, चर्चच्या पायरीवर कुणी क्षणभर गप्प झालं तर दुसरा लगेच त्याच्या तोंडात शब्द घालतो. त्याला आम्ही माया म्हणतो. चौथ्या प्रश्नाला हेल्मीने घाईघाईत अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं.

"अठरा देतो. ठीक आहे?"

अठरा म्हणजे काठावर पास. आमचा कुठलाही विद्यार्थी इथे नाक मुरडतो, उसासा टाकतो, "प्रोफेसर, पुढच्या वेळी येते" म्हणून उठतो. हेल्मीने मान हलवली आणि म्हणाली, "आभारी आहे."

"अगं, नको म्हण!" मी अर्धी उठलेच.

"सिन्योरिना, तुमचा नंबर यायचाय," तारक्विनी म्हणाले, आणि त्यांनी संगणकावर बटण दाबलं.

मग माझा नंबर आला. मलाही निळ्या रंगाचंच विचारलं. मला त्यातलं ओ का ठो येत नव्हतं. पण मी पहिल्या क्षणापासून जी सुटले ती थांबलेच नाही. हा रंग ज्यांच्यापासून करतात त्या समुद्रापलीकडून येणाऱ्या दगडांपासून सुरुवात करून तारक्विनींनी स्वतः शोधलेल्या एका चॅपलपर्यंत पोचले, त्याचं कौतुक केलं, हातवारे केले. अठ्ठावीस मिळाले. ते घेताना मला लाज वाटली, पण घेतले.

हेल्मी व्हरांड्यातल्या कॉफीच्या यंत्राजवळ बिस्किटं खात उभी होती. मी जाऊन तिला थेट विचारलं, "तू अठरा का घेतलेस?"

तिने विचार केला. या वेळी मी जीभ दाताखाली धरून थांबले.

"त्यांनी दिले म्हणून," ती म्हणाली. "फेब्रुवारीत पुन्हा बसेन आणि वाढवेन. मला चोवीस लागतात."

तिच्या देशात तसंच चालतं. मिळालेले गुण आभार मानून घ्यायचे, कमी वाटले तर पुन्हा परीक्षा द्यायची, जास्तीचे असतील ते धरतात. गुण नाकारणं हा तिथे उद्धटपणा झाला असता. मग तिने सावकाश मला सगळं सांगितलं. तिच्याकडे जुन्या दगडी चर्चमधून भिंतींवर चित्रं आहेत, त्यांचे पोपडे निघतायत. ती चित्रं वाचवायचं काम शिकवणाऱ्या वर्गात तिची जागा जवळजवळ ठरली होती. अट एकच: मोंतेरिव्होतल्या या विषयात निदान चोवीस. आणि जाता जाता, मी न विचारताच, तिने निळ्याचं उत्तर दिलं: बाकीचे रंग ओल्या गिलाव्यात मुरतात, हा निळा मागाहून कोरड्या भिंतीवर चिकटवून लावायचे, म्हणून चिकटा वाळला की तो आधी गळतो. तारक्विनी आणखी थोडे थांबले असते तर त्यांनाही हेच ऐकायला मिळालं असतं.

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"हे कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.



दुसऱ्या दिवशी मी पासालाक्वांच्या टेबलावर दोन्ही हात टेकवून उभी राहिले.

"तिचं वर्ष तुमच्या सूर्यास्ताने खाल्लंय, डॉक्टर!"

"आवाज खाली, फ्लाव्हिया. नियम जाणून घेणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे."

"आणि सांगणं कुणाची? तुम्ही पान काढून टाकलंत. ओल्या आणि सुक्या कचऱ्याला जागा आहे आणि परीक्षेला नाही! मी तिच्या विद्यापीठाला कळवते. आत्ता बाहेर जाऊन व्हरांड्यात ओरडून सांगते."

व्हरांडा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आमच्याकडे नियमाला कुणी भीत नाही, बोभाट्याला भितात. ते उठले, दार लावून घेतलं आणि एकदम मामाच्या मायेने बोलायला लागले. "इतकं कशाला तापतेस, बाळा? तारक्विनी माझा जुना मित्र आहे. करतो काहीतरी. उद्या तिला घेऊन ये."

त्या रात्री मी हेल्मीला आमच्या घरी जेवायला नेलं. आईने लाझान्या केला होता.

"आणखी वाढू, बाळ?" आईने विचारलं. हेल्मी पोटात जागा आहे का याचा खरंच विचार करू लागली. तोवर आईने वाढलंसुद्धा.

"आई, तिला बोलू दे की!"

"बोलू दे ना, मी कुठे अडवलंय? पण गार होतोय तो." आणि मग हेल्मीकडे वळून, "सगळं नीट होईल हं. आमच्याकडे सगळ्यातून वाट निघते."

मलाही तसंच वाटत होतं. हेल्मी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

वाट निघाली. तारक्विनींच्या खोलीत आम्ही दोघी, ते आणि पासालाक्वा. संगणक चालू होता. तारक्विनी ओशाळलेले दिसत होते. ते हेल्मीला म्हणाले, "मुली, आमच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तुला चोवीस हवेत ना? मी चोवीस करतो. नोंदवताना आकडा चुकला असं लिहायचं, की झालं. तू फक्त हो म्हण."

मी हेल्मीचा दंड दाबला. जिंकलो होतो आम्ही.

"मला पुन्हा विचारा," हेल्मी म्हणाली.

"काय विचारू?"

"प्रश्न. आत्ता विचारा. मी उत्तरं देते, मग जे होतील ते गुण द्या."

तारक्विनींनी पासालाक्वांकडे पाहिलं. पासालाक्वांनी हात पसरले. "ते नियमात बसत नाही. गुण मान्य केलेली परीक्षा पुन्हा घेता येत नाही."

"पण गुण बदलता येतात?"

"चूक दुरुस्त करता येते."

"कोणती चूक?"

"अगं, लिहिताना झालेली..."

"तशी चूक झाली नाही. मी इथेच बसले होते."

मला कळून चुकलं काय चाललंय, आणि माझा संताप संताप झाला. पोरीचे गुण खोटे वाढवायला यांच्याकडे नियम होता आणि तिला पाच मिनिटं प्रश्न विचारायला नव्हता! तिला खरंच येत होतं. विचारलं असतं तर चोवीस काय, तिने तीस घेतले असते. आणि तरी मी तिच्याच कानाशी पुटपुटले, "घे गं बये, घे. तुझेच आहेत ते."

हेल्मी विचार करत होती. या वेळी तारक्विनी थांबले. बोट बटणावर ठेवून, मान खाली घालून, ते पोरीच्या उत्तराची वाट बघत राहिले. परीक्षेत एवढं थांबला असता हा माणूस, तर आम्ही चौघं तिथे उभेच नसतो.

"नको," ती म्हणाली. "नाकारते."

जिन्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "वेडी आहेस का तू? कुणाला कळलं असतं?"

"मला," ती म्हणाली. पुढे पुष्कळ वेळाने, चौकापर्यंत पोचल्यावर, "भिंत खरवडताना नंतरच्या लोकांनी मारलेले खोटे रंग काढायचे असतात, फ्लाव्हिया. तेच काम आहे ते. खोट्या चोवीसवर मी तिथे जाऊन कशी उभी राहू?" तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा राग आला, तिला मिठी मारावीशी वाटली, आणि दोन्ही एकदमच झालं.

तिने तिच्या विद्यापीठाला सगळं जसंच्या तसं कळवलं. त्यांनी सहानुभूती दाखवली आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली. हेल्मी आता तिच्या गावच्या बंदरात होड्यांना रंग मारते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, पण अठरा तिच्या नावावर कायमचे आहेत. पासालाक्वांनी माझं काम काढून घेतलं. "तुझा स्वभाव कचेरीला मानवत नाही," म्हणाले. ते मात्र खरं आहे.

फेब्रुवारीत तारक्विनींची परीक्षा पुन्हा लागली. माझे अठ्ठावीस कधीच नोंदले गेले होते, तिथे माझं काही काम नव्हतं. तरी मी गेले. दार उघडं होतं, मी मागच्या खुर्चीवर बसले. तारक्विनींनी मला पाहिलं आणि नजर वळवली. समोर एस्टोनियाहून आलेला एक मुलगा होता. त्यांनी प्रश्न विचारला. मुलगा थांबला, खिडकीकडे बघू लागला.

"नाही येत?" तारक्विनी म्हणाले. "बरं, दुसरा..."

"प्रोफेसर, थांबा," मी जागेवरूनच मोठ्याने म्हणाले. "तो विचार करतोय."

बाहेर ताटकळलेली मुलं दारात गोळा झाली. तारक्विनी माझ्याकडे वळले, त्यांचे कान लाल झाले होते. मला बाहेर काढायचा त्यांना अधिकार नव्हता. परीक्षा उघड्या दारानेच घ्यावी लागते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. फार जड गेलं ते, माझीच जीभ दोनदा वळवळली. मग मुलाने मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली.