शेरवानीचा मुंढा

खडकीचे मुनव्वर टेलर चाळीस वर्षं शेरवान्या बेतत होते. पक्षाघातात त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे जागेवरच राहिला, फक्त ऐकेना. सोमवारी एक जण दुकान विकत घ्यायला येणार होता. हात हलला तर त्याला नको म्हणायचं, एवढं घरात ठरलं होतं.

पुनर्वसन केंद्रात हात यंत्राच्या कवचात बांधत. यंत्र तो हलवायचं आणि स्वतः किती टक्के काम केलं ते पडद्यावर दाखवायचं. पहिल्या दिवशी शंभर होतं. आज, दहाव्या दिवशी, सत्तर.

"तीस टक्के मी," मुनव्वर म्हणाले.

थेरपिस्ट उत्कर्षा पडद्यावरच्या स्नायूंच्या रेषा बघत होती. दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी ओढत होते. सोसायटीच्या सभेसारखं, जोर सगळ्यांचा, हालचाल शून्य. मग तीस टक्के कुणाचे? तिने वाकून पाहिलं. कोपराखाली त्यांच्या बायकोची, कमरजहांची, दोन बोटं होती.

"चाची, हात काढा."

"मी कुठे काय करतेय? नुसता टेकू."

"किती दिवसांपासून?"

"लग्नापासून," मुनव्वर म्हणाले.

बोटं निघाली. पडद्यावर शंभर आलं, आणि यंत्राने एकट्याने पडद्यावरच्या खेळातलं एक सफरचंद टोपलीत टाकलं.

"मी सफरचंदं कधी वेचली होती?" मुनव्वर म्हणाले.

"मग काय द्यायचं तुम्हाला?"

"मुंढा. बाही बसते तो गोल."

उत्कर्षाने पडद्यावर गोल काढला.

"हा मुंढा नाही, बटाटा आहे. पुढून खोल घ्या."

तिसऱ्यांदा पसंत पडला. यंत्र हात घेऊन निघालं. शंभर. पुन्हा शंभर. पाचव्या फेरीत, मुंढ्याच्या उतारावर, पुढच्या स्नायूची रेषा उठली आणि मागची आपणहून खाली बसली. मग मागची उठली, पुढची बसली. दोघांनी एकमेकांना वाट दिली. असं या शहरात लक्ष्मी रोडच्या गर्दीत कधी कुणी पाहिलेलं नाही.

पडद्यावर अठ्ठ्याऐंशी. यंत्राने बारा टक्के हात सोडला होता. हात पडला नव्हता.

उत्कर्षाने असे शेकडो हात पाहिले होते, तरी ती स्टूल पुढे ओढून बसली. कमरजहां स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "सोमवारच्या माणसाला—"

"थांब," मुनव्वर म्हणाले. "वळण येतंय."