उजव्या डोळ्यातला समंध

कासू स्टेशनच्या अलीकडे, हैबत भगताच्या मांडवात त्या मंगळवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मिठागरावरची माणसे होती, भातशेतीतली होती, आणि पेणहून मोटारसायकलींवर आलेली तरणी पोरे मोबाइल उंचावून उभी होती. मधोमध खांबाला साखळीने जखडलेला कमळाकर त्याच खांबावर डोके आपटत होता. उजवा डोळा लालभडक, पापणी अर्धी मिटलेली. त्या एकाच डोळ्यातून आणि उजव्याच नाकपुडीतून पाण्याची धार. डावी बाजू मात्र कोरडी, जणू दुसऱ्याच कुणाची.

"अर्ध्या अंगात माणूस, अर्ध्या अंगात समंध," भगत म्हणाला. "तीर्थ पाजून हाक मारली, तासाभरात आला का नाय?"

"आला," गर्दी म्हणाली.

"कंपनीचा कामगार शिफ्टला उशिरा जाईल, माझा समंध नाय जायचा."

लोक हसले. मग चिंचेचा फोक सपासप बसू लागला. सदरा फाटला, कातडी सोलली, रक्त कमरेपर्यंत ओघळले. कमळाकर ओरडत होता तो पाठीसाठी नव्हे. "डोळा उपटून काढा माझा," एवढेच तो म्हणत होता. अखेर त्याची मान खाली पडली, श्वास संथ झाला. भगताने फोक टाकला आणि बायकांनी पदर पसरले.

त्या गर्दीत एकच बाई हात न जोडता उभी होती. ती कमळाकरची आई, कृष्णाबाई. पेणच्या रामवाडीतला गणपतींचा कारखाना नवऱ्यामागे त्यांनी एकटीने चालवला होता. कमळाकर तिथे आखणी करी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवी. तीन वर्षे आखणीच्याच दिवसांत हे दुखणे येई, महिना-दीड महिना रोज छळी आणि नाहीसे होई. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा उपटल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला, तिसऱ्यांनी सायनस ठरवला. दुखणे जागचे हलले नाही. तेव्हा धाकटे दीर दिनानाथ यांनी पुतण्याला इथे आणले.

"देवाला वाकडी नजर दिली यानं," भगताने निकाल दिला. "आता तो डोळा समंधाचा. पुढच्या मंगळवारी तापल्या सळईचा डाग द्यायचा, थेट बुबुळावर."

"आणि डोळा गेला तर?" कृष्णाबाईंनी विचारले.

"डोळा जाईल, पोरगा राहील. बोला काकी, काय पायजे?"

सकाळ होताच कृष्णाबाई मुलाला घेऊन रोह्याला गेल्या आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत डॉक्टर ऋतुजाच्या दवाखान्यात शिरल्या. ऋतुजाने आधी पाठ धुतली, मलम लावले, आणि मग प्रश्न सुरू केले. असे प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारले नव्हते.

"दुखतं तेव्हा अंधारात पडून राहता की येरझाऱ्या घालता?"

"पडवत नाय. भिंतीवर डोकं आपटतो."

"घरी दुखलं तर? तिथे तर कुणी फोक मारत नाही."

"तरी तासाभरात जातं."

"दारू?"

"सोडली. एका हळदीला घोटभर घेतली आणि तासात डोळा फुटायला आला. दिनाकाकाला सांगितलं होतं मी."

"म्हणजे भगतालाही ठाऊक असेल. तीर्थ कसं लागतं त्याचं?"

"कडू. तो म्हणतो, पाप्याच्या जिभेला तीर्थ कडूच लागायचं."

तीर्थ सांडलेल्या सदऱ्याचा वास कृष्णाबाईंना आठवला. कापराच्या आडून काहीतरी आंबूस दरवळत होते.

ऋतुजाने दुखण्याचे नाव सांगितले: क्लस्टर हेडेक. ठरावीक मोसमात येणारे, डोक्याची एकच बाजू धरणारे, डोळा लाल करणारे, आणि मोसमात दारूचा थेंबही सहन न करणारे. तिने एमआरआय लिहून दिला, रोजची गोळी दिली, आणि दुखू लागले तर नाकातोंडावर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, असे सांगितले.

"एवढ्यानं थांबेल?" कृष्णाबाईंनी विचारले.

"बहुतेकांचं पंधरा-वीस मिनिटांत थांबतं, काकी."

पण मंगळवारी कृष्णाबाई बाजारात गेल्या, तेवढ्यात दिनानाथ आणि भगताच्या माणसांनी कमळाकरला टेम्पोत कोंबले. शेजारणीने फोन केला. कृष्णाबाईंनी रिक्षातूनच ऋतुजाला आणि पोलिसांना कळवले आणि त्या मांडवात पोहोचल्या, तेव्हा तीर्थ जबरदस्तीने पाजून झाले होते, दुखणे उसळले होते आणि सळई निखाऱ्यांत लाल झाली होती. चौघांनी कमळाकरला जमिनीवर दाबून धरले होते. एकाचा गुडघा त्याच्या छातीवर होता.

"वहिनी, मधी येऊ नका," दिनानाथ म्हणाले.

"सरका, भावजी."

भगताने सळई उचलली. एका माणसाने कृष्णाबाईंचे मनगट पिरगाळले. त्यांनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, स्वतःला सोडवले आणि मुलाच्या चेहऱ्यावर आपला हात आडवा धरला. सळई त्यांच्या कोपराखाली टेकली. कातडी चरचरली, जळल्या मांसाचा वास मांडवभर पसरला. त्यांनी हात मागे घेतला नाही. भगताच्याच हातातून सळई गळून पडली.

तेवढ्यात ऋतुजाची गाडी येऊन थांबली. सिलिंडर उतरला, कमळाकरच्या तोंडावर मास्क बसला. भगत ओरडला, "समंध खवळेल, सगळं गाव खाईल." लोक चार पावले मागे सरले. कमळाकर तडफडत होता, टाचा घासत होता. पाव तासात हळूहळू टाचा थांबल्या, मुठी सुटल्या. त्याने मास्क बाजूला करून म्हटले, "गेलं. आये, तुझा हात."

"मंत्र कोणता म्हणलात, ताई?" मागून कुणीतरी विचारले.

"मंत्र नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतलाच वायू, फक्त निव्वळ," ऋतुजा म्हणाली. "दुखणं बोलावलं तीर्थातल्या दारूनं. ते तासाभरात आपलं आपण ओसरतं, म्हणून ओसरायच्या बेतात फोक मारायचे आणि श्रेय घ्यायचं. एवढीच याची विद्या."

कृष्णाबाईंनी तीर्थाचे तांब्याचे भांडे दिरांपुढे केले. दिनानाथ यांनी वास घेतला, बोट बुडवून चाखले. त्यांचा चेहरा उतरला.

"गावठी हाय," ते हळूच म्हणाले.

गर्दी भगतावर धावली. कुणी त्याची गचांडी धरली, कुणी चिंचेचा फोक उचलला.

"फोक खाली ठेवा," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि तो खाली ठेवला गेला. "मारून समंध जात नाही, तसा लबाडही जात नाही. याच्यासाठी कायदा आहे, पोलीस येतायत. तुम्ही तुमचं बघा. माणूस तुमच्या डोळ्यांपुढे रक्तबंबाळ होत होता आणि तुम्ही पदर पसरलेत. दुखतं कुठे, कधी, कशानं, एवढं त्याला एकानं तरी विचारलंत? उद्या घरात कुणी कण्हलं तर आधी ते विचारा. एका डॉक्टरला कळलं नाही तर दुसऱ्याकडे जा, दुसऱ्याला नाही तर तिसऱ्याकडे. पण सळईकडे जाऊ नका."

ऋतुजा कृष्णाबाईंच्या भाजलेल्या हातावर ओले फडके ठेवत होती. तेव्हा मिठागरावरची एक बाई कडेवरची पोर घेऊन पुढे आली. तिने पोरीचा झगा वर केला. पोटावर सळईचे दोन जुने डाग होते.

"हिला फेफरं येतं," ती म्हणाली. "ताई, नेमकं काय झालंय हिला?"

"बस गो इथं," कृष्णाबाई सरकून तिला जागा करून देत म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."