एकही पुस्तक गहाळ नाही

मित्रांनो, मी लाकडी खोका आहे, तोही जुना. लगेच नाक मुरडू नका. तुमच्यातले किती जण जहाजाने आलेत? मी आलोय. माझा जन्म जर्मनीतला. पोटात एक अवजड मशीन घेऊन मी समुद्र ओलांडला आणि चाकणजवळ निघोज्यात, विजयश्री मॅडमच्या कारखान्यात उतरलो. माझ्या अंगावर काळ्या रंगात दोन चित्रं आहेत. छत्री, म्हणजे भिजवू नका. आणि पेला, म्हणजे जपून हाताळा. या पेल्यानेच पुढे सगळा घोळ केला.

मशीन बाहेर निघालं की खोक्याचं काम संपतं. कारखान्यातला ज्ञानदेव पहार घेऊन मला फोडायला आला, तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "थांब रे! हा फोडायचा नाही."

कारण मला नंतर कळलं. मॅडम दापोडीच्या. त्यांचे वडील कारखान्यात कामगार. शिफ्ट सुटली की फुटक्या खोक्यांच्या फळ्या सायकलला बांधून घरी आणायचे, आंघोळीच्या बंबासाठी. घरात पुस्तक नव्हतं. लहानगी विजू त्या फळ्यांवरची अक्षरं बोटाने गिरवायची आणि वाचून झाल्याशिवाय एकही फळी बंबात जाऊ द्यायची नाही. पाणी गार राहायचं, आई करवादायची. पुढे विजू शिकली, तिने गिअर बनवायचा कारखाना काढला, आणि आज तिचा माल कुठल्या कुठल्या देशांत जातो. ती स्वतः निम्मं वर्ष परदेशात असते. पण रिकाम्या खोक्यांना कप्पे आणि दार बसवायचं, मुलांची पुस्तकं भरायची आणि कामगार वस्तीत ठेवायचे, हा तिचा शिरस्ता. तसा मी दापोडीला आलो, बुद्धविहाराच्या पडवीत.

माझी जबाबदारी अण्णासाहेबांनी घेतली. मॅडमचे वडील जिथे कामगार होते, त्याच कारखान्यातले ते निवृत्त स्टोअरकीपर; मॅडम त्यांच्यासाठी अजून विजूच. माणूस सोन्यासारखा! नोकरीभर त्यांच्या स्टोअरमधून एक नटसुद्धा हरवला नव्हता. त्यांनी पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली, मला कुलूप ठोकलं आणि चावी कमरेला अडकवली.

रश्मी नावाची मुलगी शाळा सुटली की यायची. "अण्णा, एक पुस्तक द्या ना."

अण्णा माझ्यावरच्या पेल्यावर बोट ठेवायचे. "हे बघितलं का? नाजूक माल आहे. आधी हात धुऊन ये."

ती हात धुऊन यायची. मग ते म्हणायचे, "ओले हात? उद्या ये."

पोर रडकुंडीला यायची. माझा नुसता संताप व्हायचा, खोटं कशाला बोलू! पण फळ्या करकरवण्यापलीकडे खोका करणार काय? माझ्या फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. रश्मी त्या फटीला डोळा लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची. नावांच्या पुढे तिला जाताच येत नव्हतं.

एक दिवस मॅडम आल्या. जिथे पुस्तकं वाचली जात नाहीत तिथून खोका उचलायचा, असा त्यांचा नियम. थेरगावची मुलं वाटच बघत होती. अण्णांनी ऐटीत कुलूप काढलं. "बघ विजू, एकही पुस्तक गहाळ नाही. एका पानाला डाग नाही!"

मॅडमनी एक पुस्तक उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली, कुबट वास येणारी.

"अण्णा, डाग नाही म्हणजे कुणी वाचलंच नाही. मी टेम्पो बोलावते. हा खोका थेरगावला जाईल."

अण्णांचा चेहरा उतरला. तोच रश्मी पुढे धावली. "नेऊ नका! मी वाचलंय!"

"काय वाचलंस?"

रश्मीने डोळे मिटले आणि वरच्या कप्प्यापासून एकेका पुस्तकाचं नाव धडाधड म्हणून दाखवलं. एकही चुकलं नाही.

"आणि आत काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ते माहीत नाही," ती हुंदके देत म्हणाली. "फटीतून आतलं दिसत नाही ना."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. फळ्या वाचणारी विजू त्यांना आठवली असणार. पण पुढे सरसावले ते अण्णा. "चुकलं माझं, विजू. मी पुस्तकांना नटबोल्ट समजून बसलो. पण खोका नेऊ नकोस." घरून पेचकस आणून त्यांनी माझं दारच बिजागऱ्यांसकट उखडून काढलं. टेम्पो काही आला नाही. रश्मी पहिलं पुस्तक छातीशी धरून पळाली. हात धुवायलाही थांबली नाही.

तेव्हापासून माझी पार रया गेली आहे. पुस्तकांना हळदीचे डाग पडतात, कोपरे दुमडतात, मधूनच चिवड्यातला शेंगदाणा निघतो. मित्रांनो, पुस्तक नेलंत तर फाडू नका, पावसात भिजवू नका. छत्री काही उगाच काढलेली नाही. पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका हो!

परवा मॅडमचा परदेशातून फोन आला. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. अण्णा माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि माझ्या पोटात एकही पुस्तक नव्हतं. त्यांनी आत नजर टाकली, छाती फुगवली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "विजू, सगळी गहाळ!"