टाच टेकताना

बगळीच्या टाचेचं ऑपरेशन झालं आणि घरातला एक आवाज बंद पडला.

बगळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चष्म्याची भिंगं घासणाऱ्या कारखान्यात ती दिवसभर मशीनपाशी उभी असायची. डावी टाच ठणकायला लागली की तो पाय उचलायची आणि उजव्यावर तोल सांभाळत काम करायची. शेजारच्या मशीनवरच्या बाईनं एकदा विचारलं, "काय गं बगळे, मासा गावला का?" झालं, नाव चिकटलं. तिनं ते हसत हसत घरी सांगितलं, आणि तिच्या बसड्रायव्हर नवऱ्यानं ते लगेच उचललं.

टाच काही आजकालची दुखत नव्हती. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकायचं म्हणजे खिळ्यावर टाकायचं. बर्फ झाला, मऊ तळव्याचे बूट झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी तळव्यातला, टाचेपासून बोटांकडे जाणारा ताठरलेला पट्टा थोडा कापून सैल केला आणि पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं.

तोवर ती डावी टाच न टेकवताच चालत आली होती. एक पाऊल धप्प, दुसरं सर्र. आणि ही चाल घराण्याला नवी नव्हती. तिच्या आईची चाल अशीच होती. आई लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून राहून अशीच अधू झाली होती, फक्त तिची टाच उजवी.

आई गेल्यावर बाबा लेकीकडे राहायला आले. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, आठवणही मधूनच हातची निसटायची, पण कान ठणठणीत. उभा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. पंपाच्या अंगाला कान लावला की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे.

एका संध्याकाळी ती कामावरून दमून आली, बोळातून धप्प-सर्र करत बाबांच्या दारावरून निघाली, तर आतून आवाज आला, "आलीस का?"

"आले," ती म्हणाली.

"आज इस्त्री फार होती का?"

तिच्या अंगावर काटा आला. सरळ सांगावं, बाबा, मी तुमची मुलगी, असं ओठांवर आलं होतं. पण आई गेली हे या माणसाला आणखी एकदा सांगायचं तिच्या जिवावर आलं. "हो, फार होती," ती म्हणाली. बाबा गप्प झाले. त्या गप्प होण्याला तिनं समाधान मानलं.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. त्यांनी विचारायचं, आलीस का, आणि हिनं म्हणायचं, आले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग बराच वेळ हाताची नखं बघत बसला. म्हणाला, चालू दे, त्यात कुणाचं काय जातं.

ऑपरेशनचं ठरलं तेव्हा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. पाय बरा झाला की चाल सरळ होणार. चाल सरळ झाली की बाबांच्या लेखी आई या घरातून उठून जाणार. हे ती डॉक्टरांना कुठल्या तोंडानं विचारणार होती?

पहिला आठवडा घर नुसतं मुकं होतं. नवरा सकाळच्या पाळीला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. जाण्याआधी दोघांचं जेवण झाकून ठेवायचा, कुबड्या पलंगाला टेकवायचा आणि बजावायचा, उगाच उड्या मारू नकोस, बगळी असलीस तरी. दुपारी घरात ती आणि बाबा. बाबा बोळाच्या पलीकडच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्चीत. जेवण झालं की ते हाताला धरून उठवल्याशिवाय उठत नाहीत, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

आणि मग एका दुपारी तिला ती पावलं ऐकू आली.

धप्प. सर्र. धप्प. सर्र.

बोळाच्या टोकाला, चपलांच्या मांडणीपासून सुरू झाली आणि स्वयंपाकघराकडे गेली. बगळी पलंगावर, पाय उशीवर, पट्ट्या गुंडाळलेला. आपलीच चाल आपल्याला सोडून घरभर फिरते आहे, असं तिला क्षणभर वाटलं. मग भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, "आलीस का?"

सवय मोठी वाईट. "आले," तिनं पडल्या पडल्याच सांगितलं. पावलं थांबली. पुन्हा वाजली नाहीत.

ती घाबरट बाई नव्हती. भिंगाला चरा पडला की आधी मशीन तपासायचं, मग पावडर, मग आपले हात, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं तसंच केलं. गोळ्यांची गुंगी असेल म्हणून दुखणं सोसून दुपारची गोळी घेतली नाही. पावलं आली. वरच्या मजल्यावरचं कुणी असेल म्हणून नवऱ्याकडून चौकशी करवली. वरची जागा कधीची रिकामी होती. पाण्याच्या नळीचा आवाज असेल म्हणावं, तर नळी कधी लंगडत नाही. दर वेळी पावलं, मग "आलीस का?", मग हिचं "आले", आणि मग शांतता.

नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार, आई आली होती?

टाके निघाले. व्यायाम शिकवणारी बाई घरी यायला लागली. हसतमुख, पण कामाला पक्की. तिनं पायाचा अंगठा वर ओढायला शिकवला, मग टॉवेल पायाखाली घेऊन ताण द्यायला, मग भिंतीला धरून उभं राहायला. सगळं जमलं. टाच तेवढी जमेना. जमिनीपाशी आली की ती आपोआप वर जायची.

"दुखतं का?" बाईनं विचारलं.

"नाही," बगळी म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मग कुणासाठी उचलून धरलीय?"

बगळीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बाईनं मग नीट समजावलं, की हा पट्टा आता नव्यानं जुळून येतोय. टाच अशीच अधांतरी ठेवलीत तर तो आखूडच जुळेल, आणि पुन्हा तेच दुखणं, बहुधा जन्मभराचं. उद्यापासून बूट काढून, अनवाणी, टाच टेकवून चालायचं. एवढं सांगून ती निघून गेली.

दुसऱ्या दुपारी बगळीनं कुबडी काखेत घेतली आणि दाराच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. जे काय असेल ते एकदा डोळ्यांनी बघू.

बोळात खुडबुड झाली. मग, धप्प.

तिनं दार लोटलं.

बाबा होते. एका हातानं भिंत चाचपत, मान थोडी कलती करून चालत होते. पायांत आईच्या सपाता. बाबांच्या सामानाबरोबर आलेल्या, मांडणीच्या तळाशी पडलेल्या, टाकून द्यायचा धीर कुणाला न झालेल्या. त्यांच्या टाचा मागून बाहेर आलेल्या. उजव्या सपातेत आईनं शिवून बसवलेली फ्लॅनेलची घडी अजून होती. त्या घडीवर ते पाय जपून, अर्धवट टाकत होते. सर्र. बायकोचा चेहरा आठवत नाही म्हणून महिन्यापूर्वी रडलेला माणूस. पण चाल त्यांच्या पायांना पाठ होती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते थांबले. कान टवकारून विचारलं, "आलीस का?"

बगळीला गलबलून आलं. तिनं नेहमीचं उत्तर दिलं. "आले."

बाबांनी मान वळवली, थेट तिच्या दिशेनं. चेहऱ्यावर राग नव्हता, पुष्कळ दिवस काही सांगायचं राहून गेलेला माणूस दिसतो तसे दिसत होते.

"तू नको बोलूस, बाळ," ते म्हणाले. "तू बोललीस की ती बोलत नाही."

"बाबा, तुम्हाला... मीच बोलते, हे कळत होतं?"

"आवाज कळतो की. आणि तुझी डावी, तिची उजवी." त्यांनी भिंतीवर बोटांनी ताल धरून दाखवला. "तू यायचीस ना संध्याकाळी, तर तुझ्या पाठोपाठ यायची ती. मी विचारायचो तिला. तोंडातून शब्द निघायच्या आत तू आले म्हणायचीस. ती पहिल्यापासून भिडस्त. दुसरं कुणी बोललं की गप्प." जरा थांबून ते म्हणाले, "आता तू पडून असतेस, मग ती एकटी कशी येईल? म्हणून मी जातो आणायला."

बगळीनं कुबडी भिंतीला टेकवली, बाबांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीकडे न्यायला वळली. वळताना तोल गेला, आणि सावरायच्या धांदलीत डावी टाच सपशेल जमिनीवर आली.

दुखली नाही. फरशी गार लागली, एवढंच. पुढचं पाऊल तिनं जाणूनबुजून तसंच टाकलं. बाबांचं धप्प-सर्र, आणि त्याच्या शेजारी तिची सरळ, सारखी, अनोळखी पावलं. बाबा ऐकत होते. "नवीन बेअरिंग," ते म्हणाले, आणि किंचित हसले.

तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. सपाता काढल्या, एकमेकींना जुळवून मांडणीत ठेवल्या, आणि भिंतीला धरून, दोन्ही टाचा टेकवत आपल्या खोलीकडे निघाली. बोळ अर्धा झाला असेल नसेल, मागून आवाज आला.

"आलीस का?"

उत्तर सवयीनं जिभेवर आलं. तिनं ते दातांमागे अडवलं. हात तोंडावर दाबला. टाच फरशीवर घट्ट रोवून, श्वास कोंडून ती उभी राहिली. आईला बोलायला जागा करून देत, आणि आई बोलली तर काय करायचं, याची मनातून भीती बाळगत.

खुर्चीत बाबा, बोळात ती, दोघं ऐकत राहिले.