हाकेला येणारी नदी

कोरड्या नदीपात्रात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या खडकावर नदीबाबा हात उंचावून उभे होते. "माते, लेकरं खोळंबलीत, लाजू नकोस!" बाबांनी हाक मारली की नदी येते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर डोकं कोण वापरतो?

सगळ्यांत पुढे बाटलीताईची आई होती. बाटलीताई म्हणजे नदीचा प्रवाह मोजणारी, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरणारी सरकारी बाई. तिचा धाकटा भाऊ याच पात्रात अचानक आलेल्या लोंढ्यात गेला होता. "नदीनं त्याला मांडीवर घेतलंय," असं बाबांनी सांगितल्यापासून आई रोज येणाऱ्या पाण्यात उभी राहायची, रोज थोडी आणखी आत. तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाटलीताईला तर रडूही येत नव्हतं. ती डबक्यांतलं कुजकं पाणी बाटल्यांत भरायची, जेवायची, झोपायची. आत सगळं बधिर झालं होतं.

आज बाबांचा हात भरून आला, तरी नदी येईना.

"इथं कुणीतरी नास्तिक आहे!" बाबा गरजले.

"मी आहे," बाटलीताई म्हणाली. "सगळे आधी काठावर चला. आई, तूसुद्धा."

पात्र रिकामं झालं, तसं तिनं घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. "ये."

वळणावरून पाणी धडधडत आलं. बाबा केव्हाच काठावर पोचले होते. लोक मात्र तिच्याच पाया पडू लागले.

"उठा! वर वीजघर आहे. त्याचं पाणी सोडायचं दार रोज ठरल्या वेळी उघडतं, तासाभरानं पाणी इथं येतं. ती वेळ बाबांना पाठ आहे. आज माझ्या मोजणीसाठी दार उशिरा उघडलं, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि त्या दिवशी?" आईनं विचारलं.

"त्या दिवशी वेळेआधी उघडलं. भोंगा वाजवलाच नाही."

"मग मी इतके दिवस कुणाला हाक मारत होते गं?"

बाटलीताई लोकांकडे वळली. "हाक मारायचीच तर वीजघरावर जाऊन मारा. दिवसभर थोडं थोडं पाणी सोडा म्हणावं, म्हणजे डबकी कुजणार नाहीत. आणि दार उघडण्याआधी भोंगा वाजवा म्हणावं. नदीला ऐकू येत नाही. तिथल्या माणसांना येतं."

आई सगळ्यांच्या आधी उठली. वाट माहीत नव्हती म्हणून तिनं लेकीचा हात धरला. आईचा हात गार होता, हे बाटलीताईला जाणवलं.