सरांना उकडतंय

मी ऑपरेशन थिएटरमधल्या एसीचा रिमोट बोलतोय. इथला पहिला नियम मोठ्या सिस्टरांनी मला ऐकवला, तसाच पुढे नव्याने रुजू झालेल्या, लहान बाळांच्या डॉक्टरणीलाही ऐकवला: थिएटर अठरावर राहील, कारण सरांना उकडता कामा नये. का, ते विचारायचं नाही.

मी विचारलं नाही. मला तोंडच नाही. तिला आहे, आणि गरजेपेक्षा मोठं आहे, असं मोठ्या सिस्टरांचं मत.

कारखान्यातल्या पट्ट्यावर हजारो भावंडांसोबत मी जन्मलो. एखाद्या घरी जाईन, सोफ्याच्या फटीत सुखाने हरवेन, अशी स्वप्नं होती. नशिबात निघालं इस्पितळ. इथे मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं. एसीने ऐकलं नाही की थोबाडीत मला बसते. घड्याळ बंद पडलं की सेल माझ्या पोटातून काढतात. थंडी वाजली तर माणसं आतून स्वेटर घालतात, पण माझ्या बटणाला हात लावत नाहीत.

सर तसे भले. ऑपरेशनला हात सोन्याचा, पण अंगाला घामाच्या धारा. मोठ्या सिस्टर त्यांना पोटच्या पोरासारखं जपतात.

आज धावपळ उडाली. एका बाईंचं बाळ तीन महिने आधीच यायला निघालं होतं. डॉक्टरीण सगळ्यांच्या आधी आत आली आणि माझं बटण दाबतच सुटली. थेट सव्वीस! मला भोवळ आली. एवढे वरचे आकडे मी नुसते पाठ केले होते. मग तिने बाळाच्या टेबलावरचा हीटर लावला, इवलीशी टोपी आणि स्वच्छ प्लास्टिकची पिशवी काढून ठेवली, आणि मला खिशात टाकलं. माझं अर्धं डोकं बाहेर राहिलं, म्हणून पुढचं दिसलं.

इतकं कोवळं बाळ पुसत बसायचं नाही, ओलंच मानेपर्यंत पिशवीत सरकवायचं, म्हणजे अंगातली ऊब उडत नाही, असं तिने सांगितलं. आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं, असं मोठ्या सिस्टर पुटपुटल्या.

सर आले, घामाघूम झाले आणि एसीकडे बघू लागले. मोठ्या सिस्टर मला शोधत ट्रेखाली वाकल्या. तेवढ्यात सिझेरियनसाठी कंबरेखालीच भूल दिलेल्या टेबलावरच्या बाई पडद्याआडून म्हणाल्या, "मला चालतंय हो सव्वीस."

बाळ आलं. मूठभर. रडायचं सोडून शिंकल्यासारखं काहीतरी केलं, आणि गेलं पिशवीत. डोक्यावर टोपी, वर हीटर. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच पिशवीतला सोबती मिळाला. बाळाचा श्वास नीट सुरू झाला, अंग ऊबदार राहिलं.

"झालं ना गुंडाळून?" सर टाके घालत म्हणाले. "आता तरी अठरा कर, पोरी."

"सरांपुढे हट्ट नको गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दे तो रिमोट."

आता मी हात जोडू शकत नाही, म्हणून नुसतंच विनवतो: मला कोणी मागू नका. इथे बरा आहे मी.

तिने खिशावर हात ठेवला. "नाही देणार. तुम्हाला उकडलं तर तुम्ही बोलता, सर, आणि सिस्टर धावतात. या बाळाला साधं कुडकुडताही येत नाही. ते या खोलीत आहे तोवर सव्वीसच."

सरांनी पुढचा टाका घातला. मोठ्या सिस्टरांनी गॉजचा तुकडा उचलला आणि त्या सरांचं कपाळ पुसायला लागल्या.