चौथ्या मजल्यावरच्या मॅडम

"मायक्रोबायोलॉजी? कॉलेजची?" काउंटरवरच्या मुलीनं चंद्रप्रकाशकडे असं बघितलं, जणू त्यानं औषधाच्या दुकानात खिळे मागितले होते. "नीट असेल तर सांगा ना काका. नीटची नवीन बॅच सोमवारी सुरू होतेय."

चंद्रप्रकाश घाडीला नीट नको होती. भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो छतापर्यंत लावलेले होते आणि त्याला हवा होता एका विषयाला एक मास्तर. मुलुंडमधला हा तिसरा क्लास. घाटकोपरच्या क्लासवाल्यानं बारावीचा सर चालेल का विचारलं होतं. या मुलीनं निदान पाणी तरी विचारलं. तो कामाची पिशवी उचलून बाहेर पडला.

त्याची मुलगी श्रुतिका बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. जनुकांचा पेपर शिकवणारे सर तासावर नेमलेले. दिवाळीनंतर दुसरीकडे पक्की नोकरी मिळाली तसे ते निघून गेले. कॉलेजनं त्यांच्या जागी कुणाला आणलं नाही, आणि अर्ध्या वर्गाची त्या एका पेपरात दांडी उडाली. त्या अर्ध्या वर्गात श्रुतिका. मोबाइलवरचे व्हिडिओ तिनं बघितले होते. पण जिथे अडायचं तिथे व्हिडिओ थांबवता येत होता, त्याला विचारता येत नव्हतं. एप्रिलात केटीची, म्हणजे राहिलेल्या पेपरची, परीक्षा होती. औषधाच्या एका कंपनीनं तिला प्रयोगशाळेत घ्यायचं नक्की केलं होतं, अट एकच, जूनपर्यंत सगळे पेपर सुटलेले हवेत. नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

चंद्रप्रकाशचा बाप गिरणीत साच्याच्या खडखडाटात उभा राहून बहिरा झाला होता आणि तो स्वतः आयटीआय करून लिफ्टच्या कामाला लागला होता. घाड्यांच्या घरातून पांढरा कोट घालून कामाला जाणारं पहिलं माणूस म्हणजे श्रुतिका. कांजूरमार्गच्या त्यांच्या खोलीत या कोटाची चर्चा इतकी झाली होती, की तो आधीच खुंटीवर टांगलेला आहे असं वाटावं.

मास्तर मिळालाच नव्हता असंही नाही. भांडुपला सिद्धेश म्हणून एक मुलगा होता. एम.एस्सी. झालेला, एका लॅबमध्ये कामाला, संध्याकाळी घरी दोन-तीन पोरांना शिकवायचा. श्रुतिका त्याच्याकडे एकदा जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मस्त शिकवतो तो. मला प्लास्मिड पहिल्यांदा कळलं." पण चंद्रप्रकाशनं सिद्धेशला पाहिलं ते हाफ पँटमध्ये, दारात उभ्या उभ्या वडापाव खाताना. एवढ्या महत्त्वाच्या कामाला एवढासा पोरगा, हे काही त्याच्या मनाला पटेना. आणि मग त्याला चौथा मजला आठवला.

लिफ्टवाल्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या बंद दारांसमोर जातं. केबिन वर येईपर्यंत वाचायला समोर असतात त्या दारांवरच्या पाट्या. कुठे सीए राहतो, कुठे वकील, कुणी रिटायर झाल्यावरही हुद्दा लावून ठेवलाय, हे चंद्रप्रकाशला सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा चांगलं ठाऊक असे. माणसं मात्र ठाऊक नसत. तो यायचा भर दुपारी, आणि त्या वेळी पाट्यांवरची बहुतेक नावं ऑफिसात असत. मुलुंड पूर्वेच्या एका बिल्डिंगचं काम गेल्या वर्षी त्याच्याकडे आलं होतं. तिथे चौथ्या मजल्यावर पितळी पाटी होती. वर रामनाथ शिरगावकर, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत, डॉ. रश्मी शिरगावकर, एम.एस्सी., पीएच.डी., सूक्ष्मजीवशास्त्र.

"पाटी वाचून मास्तर शोधतंस?" बायको सुगंधा म्हणाली. "पाटयेवर लिवलेला सगळा खरा आसता काय?"

पीएच.डी. कुणी उगाच लिहितं का, असं म्हणून त्यानं तिला गप्प केलं. सिद्धेशला फोन करून त्यानं सांगून टाकलं, की आम्हाला पीएच.डी. झालेल्या मॅडम मिळाल्या आहेत. अजून त्यानं बेलसुद्धा वाजवलेली नव्हती.

बेल वाजवली ती दुसऱ्या दिवशी, लिफ्टचं तेलपाणी उरकून, हात दोनदा धुऊन. दार उघडलं ते सत्तरीच्या गृहस्थांनी. इस्त्रीचा सदरा, पण गुंड्या एक घर चुकलेल्या. चंद्रप्रकाशनं सगळं सांगितलं. मॅडम शिकवणी घेतील का, आत्ता घरात आहेत का.

शिरगावकरांनी दार पुरतं उघडलं. मग त्यांनी मुलगी कुठल्या वर्षाला, पेपर कोणता, परीक्षा कधी, असं सगळं विचारून घेतलं.

"ती आत्ता बाहेर गेलीय," ते म्हणाले. "तुम्ही रविवारी या. मुलीला घेऊन."

चंद्रप्रकाशचा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी त्यानं त्या बिल्डिंगच्या लिफ्टचं कुरकुरणारं दार कुणी न सांगता नीट करून दिलं.

रविवारी बापलेक गेले तेव्हा जेवणाचं टेबल पुसून त्यावर पुस्तकं काढून ठेवलेली होती, जाडजूड, पानापानात खुणांच्या चिठ्ठ्या घातलेली. मॅडम पुण्याला परीक्षक म्हणून गेल्या होत्या. शिरगावकरांना फार वाईट वाटत होतं, ते चहा करायला आत-बाहेर करत होते. तोवर श्रुतिकानं पहिली दोन प्रकरणं वाचून काढावीत, असा निरोप होता. पुढच्या रविवारी मॅडमची बंगळुरूला परिषद निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी मॅडमना बरं नव्हतं, त्या आत झोपल्या होत्या, म्हणून सगळे हळू आवाजात बोलले. श्रुतिका तास दीड तास तिथे बसून वाचायची, न कळलेलं वहीत उतरवून घ्यायची. वही प्रश्नांनी भरत चालली होती.

"बाबा, मॅडम खरंच शिकवणार आहेत ना?" जिन्यात तिनं विचारलं. मोठ्या माणसांची कामं मोठी असतात, थोडा दम धर, असं त्यानं तिला सुनावलं.

खरं काय ते कळलं वॉचमन भीमराजकडून, आणि तेही सहज. लिफ्टच्या खड्ड्यातून वर येता येता चंद्रप्रकाशनं जरा तोऱ्यातच सांगितलं, की आमची मुलगी तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या मॅडमकडे शिकणार आहे.

"कुठल्या, रश्मी मॅडम?" भीमराज तंबाखू मळता मळता थांबला. "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली ना भाऊ. कॅन्सर होता. तुला माहीत नाही?"

चंद्रप्रकाश लिफ्टनं गेला नाही. चार मजले जिना चढत गेला, तसतसा राग तापत गेला. दार उघडताच त्यानं तोंड सोडलं. पोरीचे तीन रविवार खाल्लेत तुम्ही, म्हणाला. आजारी आहेत म्हणून आम्हाला कुजबुजायला लावलंत. एक चांगला मुलगा शिकवायला तयार होता, तुमच्या पाटीपायी मी त्याला नाही म्हटलं. शेजारचं दार किलकिलं होऊन पुन्हा लागलं, तरी तो थांबला नाही.

शिरगावकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं मी," ते म्हणाले. "ती गेल्यापासून या दाराशी खूप लोक आले. कुणी सांत्वनाला, कुणी तिच्या नावावरची कागदपत्रं मागायला. तिला शिकवायला बोलवायला कुणी आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, मॅडम आहेत का. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर गेलीय असं निघालं."

टेबलावर फोन आणि शेजारी नंबर लिहिलेले कागद पडले होते. रोज सकाळपासून ते रश्मीबाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत होते. कुणी कॅनडात होतं, कुणी हैदराबादला. दोघींनी लग्नानंतर विषयच सोडला होता. एकजण विमा विकत होता आणि त्यानं त्यांनाच पॉलिसी समजावून सांगितली होती. एक कुणी हो म्हणालं असतं, तर तुम्हाला खरं सांगता आलं असतं, असं ते म्हणाले. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर चंद्रप्रकाशला आणखी दोन शब्द बोलता आले असते.

त्यानं जिन्यातूनच सिद्धेशला फोन लावला. सिद्धेश गुजरातेत होता. अंकलेश्वरच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. "काका, तेव्हाच हो म्हणाला असतात तर मी निघेपर्यंत रोज बसवलं असतं तिला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खिशात फोन टाकताना चंद्रप्रकाशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

घरी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा सुगंधानं कपाळाला हात लावला. श्रुतिका रडली नाही, ओरडली नाही.

"पुस्तकं तरी वापरू देतील का ते?" तिनं एवढंच विचारलं.

आणि ती जात राहिली. रविवारीच नव्हे, एक दिवसाआड. इथे खोलीत वरच्या माळ्यावरच्यांचा टीव्ही, खाली पोरांचा दंगा, आणि वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास. तिथे निदान टेबल होतं आणि पंखा होता. शिरगावकर पुस्तक उघडून समोर बसायचे आणि प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न एकेक करून विचारायचे. अख्खा जन्म विमा कंपनीच्या हिशेबखात्यात गेलेला माणूस, ते इंग्रजी शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळायची. श्रुतिका उत्तर द्यायची, ते मान डोलवायचे. उत्तर बरोबर असो की चूक, मान तशीच डोलायची, कारण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा चंद्रप्रकाश तिला न्यायला गेला, तेव्हा दारातून त्यानं हे बघितलं. शाळेतल्या पोरासारखे ते बोट ठेवून ओळ वाचत होते. त्यांच्यावरचा राग तिथेच कुठेतरी विरला, परीक्षेची काळजी मात्र तशीच राहिली.

परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी पुस्तकं तिला घरी नेऊ दिली. परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. श्रुतिका थोडक्या मार्कांनी नापास झाली. तिनं एक अख्खा प्रश्न मनापासून, पानभर, सुबक आकृती काढून लिहिला होता, आणि तो मुळापासून चुकीचा समजलेला होता. कंपनीचा चार ओळींचा निरोप आला. जागा पुढच्या मुलीला गेली. तिनं दोन दिवस तोंडावर पांघरूण घेतलं आणि तिसऱ्या दिवशी उठून स्टेशनजवळच्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम धरलं. तपासायचं नाही. काउंटरवर बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची, उपाशीपोटी आलात का विचारायचं आणि पावती द्यायची.

संध्याकाळी चंद्रप्रकाशचा फोन वाजला तेव्हा ती नुकतीच कामावरून येऊन हात धूत होती, लॅबचा निळा टी-शर्ट अजून अंगावरच होता. सुगंधा बांगडे साफ करत होती. फोनवर शिरगावकर होते. निकाल लागल्याचं पेपरात वाचलं, म्हणाले. कालपासून फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. काय झालं?

चंद्रप्रकाशनं तोंड उघडलं. नापास झाली, नोकरी गेली, अशी दोन वाक्यं तयार होती, आणि दोन्ही खरी होती.

"पास झाली साहेब," तो म्हणाला.

सुगंधाचा हात थांबला. पलीकडून शिरगावकर म्हणाले, "रश्मीची आणखी एक विद्यार्थिनी," आणि त्यांना पुढचं बोलता येईना. नोकरीवर कधीपासून, असं त्यांनी विचारलं. एक तारखेपासून, चंद्रप्रकाश म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर मध्येच थांबता येत नाही, हे त्याला आता कळत होतं. मुलीकडे द्या ना जरा, ते म्हणाले.

त्यानं फोन पुढे केला. श्रुतिकाकडे वर बघायची त्याची हिंमत नव्हती. ती हा फोन घेणार नाही, किंवा घेऊन खरं सांगून टाकेल, आणि तसं केलं तर तिचं काही चुकणार नाही, असं त्याला वाटलं. तिनं ओले हात टी-शर्टाला पुसले आणि फोन कानाला लावला.

"हो काका," ती म्हणाली. "थँक यू. पुस्तकं आणून देते या रविवारी."

त्यांचा आवाज एवढा मोठा होता, की सगळ्या खोलीला ऐकू येत होता. पुस्तकांची घाई करू नकोस, ते सांगत होते. ती आता तुझीच. रश्मीनं असंच म्हटलं असतं. तिथे लॅबमध्ये तुला लागतील.

"लागतील ना काका," श्रुतिका म्हणाली. "रोजच लागतील."

तिनं फोन बापाच्या हातात दिला, टी-शर्ट बदलायला विसरून आईच्या शेजारी खाली बसली आणि उरलेले बांगडे पुढ्यात ओढून घेतले.